सरकारी दवाखान्यातली फुकट रक्ततपासणी: लॅबला साडेचार स्टार, चिठ्ठीला दीड

गावाचं नाव टाकत नाही, दवाखान्याचंही नाही, उद्या परत तिथंच जायचं आहे मला. यवतमाळ जिल्ह्यातलं एक पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, एवढं पुरे. आमच्या बचत गटातल्या बाया सारख्या विचारतात की तिथं रक्त खरंच फुकट तपासतात का, थायरॉइडची होते का, रिपोर्ट भरवशाचा असतो का, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

फुकट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, इथं केसपेपर पण फुकट आणि तपासण्या पण फुकट. मेडिकल कॉलेजचे दवाखाने दुसऱ्या खात्याचे, ते यात नाहीत, त्यामुळे तिथं पावती फाडावी लागली तर खिडकीवरच्या पोराशी भांडू नका, त्याचा काही दोष नाही.

आधी चांगलं सांगते, कारण लॅबवाला दादा खरंच चांगला आहे. सुई नवीन, पाकीट तुमच्यासमोर फोडतो, शीर एका झटक्यात सापडते, म्हाताऱ्या माणसांचे हात कसे काळेनिळे होतात माहिती आहे ना, आमच्या सासूबाईंना एक ठिपका पण उठला नाही. नळीवर नाव आधी लिहितो मग रक्त घेतो. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीची, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीची, राखडी शुगरची, विचारलं तर न चिडता सांगतो पण. हिमोग्लोबिन, शुगर, मलेरिया, लघवी असलं तिथंच होते, बाकीचं सॅम्पल गाडीवाला येऊन घेऊन जातो आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. तालुक्याला प्रायव्हेटमध्ये सीबीसी, थायरॉइड, शुगर मिळून सात-आठशे सहज जातात, वर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी वेगळी. हे सगळं गावाजवळ फुकट मिळते, तर मग अडचण कुठं आहे?

अडचण आहे चिठ्ठीची. लॅबवाला स्वतःच्या मनानं रक्त घेऊ शकत नाही, डॉक्टरनं केसपेपरवर तपासणी लिहून सही केली तरच घेतो, आणि ते बरोबरच आहे म्हणा. पण ती सही मिळवणं हेच या सगळ्या सेवेतलं खरं काम आहे.

सासूबाईंचं सांगते. वय पन्नाशीच्या पुढं, आयुष्यभर कापूस वेचलेली बाई, कधी बसून राहणारी नाही. मागच्या वर्षीपासून सारखी थकायला लागली, तोंडावर सूज, केस गळतात, पोट साफ नाही, वजन वाढते पण जेवण तर निम्म्यावर आलेलं. आणि सगळ्यात नवल म्हणजे ऐन मे महिन्यात, आपल्याकडचा मे, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटते तेव्हा, ही बाई कूलर बंद करा म्हणे आणि गोधडी घेऊन झोपे. "मले काई होत नाई, पण अंगात जीवच नाई राह्यला बापा," एवढंच बोलणार.

पीएचसीत नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला वाईट नाहीत, पण समोर रांग दारापर्यंत. सासूबाई बसल्या आणि म्हणल्या, "हातपाय दुखतात." झालं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, बी कॉम्प्लेक्स. मी म्हटलं सर एकदा रक्त पाहून घेता का, तर म्हणे या वयात असं होतंच ताई, आधी गोळ्या घेऊ द्या. पुढच्या वेळी गेलो तर तिथं वेगळे डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच गोळ्या. त्यानंतर मी सरळ थायरॉइडचं नाव घेतलं तर "मोबाइलवर वाचून आल्या का?" रांगेतल्या चार बाया हसल्या. मी गप्प बसले पण जाम राग आला, कारण हो, वाचूनच गेली होती, मग काय झालं?

रांगेत बसून बसून मला एक गोष्ट मात्र कळली. तिथं रक्त कोणाचं घेतात ते नीट पाहा. पोटुशी बाई आली की न मागता सगळं होते, हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, शुगर, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला तर त्यांच्यासाठी खास तपासणीचा दिवस असते. ताप असला की मलेरियाची काच लगेच. तिशीच्या वरचा माणूस असला की बीपी आणि बोटातून शुगर. सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, कॅम्प असला की गाव जमा करून घेतात. म्हणजे ज्याच्या मागं सरकारी कार्यक्रम आहे, ज्याचा आकडा वर कळवायचा आहे, त्याचं रक्त निघते. आमच्या सासूबाई गरोदर नाहीत, ताप नाही, बोटातली शुगर चांगली निघाली, मग त्यांना कोणत्या रजिस्टरमध्ये लिहायचं? पाळी गेलेली थकलेली बाई कोणत्याच कार्यक्रमात बसत नाही, तिला गोळ्या मिळतात. हे मी डॉक्टरांना वाईट म्हणायला लिहत नाही, पण आहे हे असं आहे.

डॉक्टरांची बाजू पण आहे बरं. आपल्याकडे लोक काय करतात, एक जण चिठ्ठी घेऊन निघाला की मागचे दहा म्हणतात आमचं पण "फुल बॉडी" करा. एक डॉक्टर, दुसरी जागा रिकामी, त्यात दुपारी मीटिंग, मध्येच डिलिव्हरी. किट कधी असते कधी नसते. आणि प्रत्येक वेळी नाही म्हणणारा डॉक्टर चुकतो असंही नाही, माझ्या दिराला दोन दिवसांचा ताप होता तर तो विडाल, म्हणजे टायफाइडची रक्ततपासणी, करा म्हणून अडून बसला, डॉक्टर म्हणे ती आता करून काही कळणार नाही, आणि डॉक्टरचंच बरोबर होतं, विडाल तशी भरवशाची नाहीच, आधी कधी टायफाइड होऊन गेला असला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, बाहेरच्या लॅबमध्ये निम्म्या गावाला टायफाइड निघते तो असाच. तर तपासणी नाकारली म्हणजे अन्यायच झाला असं समजू नका. फक्त का नाकारली ते एका वाक्यात सांगितलं पाहिजे, तेवढं तरी.

शेवटी चिठ्ठी मिळाली ती आशाताईमुळे, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीमुळे. तिनं सांगितलं आधी उपकेंद्रात सीएचओ मॅडमला, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी बाईंना, दाखव, तिथं आता आयुष्मान आरोग्य मंदिर असा बोर्ड आहे. मॅडमकडे गर्दी कमी असते, त्यांनी सासूबाईंना बसवून पंधरा मिनिटं बोलतं केलं, गोधडीची गोष्ट ऐकली आणि म्हणे हे आधी काहून नाई सांगितलं आजी. सगळं कागदावर लिहून दिलं, कधीपासून, काय काय, वजन किती वाढलं. तो कागद घेऊन आशाताई सोबत पीएचसीत आली आणि त्याच डॉक्टरांनी, ज्यांनी मला मोबाइलचं विचारलं होतं त्यांनीच, वाचून न बोलता सीबीसी आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, लिहून दिलं. टीएसएच चांगलाच वाढलेला आला, म्हणजे थायरॉइड कमी काम करत होतं. हिमोग्लोबिन पण कमी होतं पण एवढं काही नाही. म्हणजे ज्या लोहाच्या गोळ्यांवर एवढे महिने काढले त्यात मुख्य दुखणं नव्हतंच.

आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, नंतर अर्धा तास चहा नाही (यावरून घरात रोज भांडण), आणि लोहाची-कॅल्शियमची गोळी त्याच्यापासून चार तास लांब. कूलर चालू झाला.

पण पुढची खरी गंमत दुसऱ्या चिठ्ठीत आहे. गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत पाहून डोस ठरवावा लागते. आम्ही गेलो तर "आत्ताच तर केली ना?" माझ्या अनुभवानं पहिली तपासणी मिळते एकवेळ, दुसरी मिळवणं जास्त कठीण, कारण पेशंट आता बरा दिसते. बीपी-शुगरवाल्यांचं पण हेच, वर्षानुवर्षं गोळी नेतात पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी झालेली नसते. वर्षातून एकदा तरी मागून घ्या, किडनीचं दुखणं आधी दुखत नाही.

तर मागायचं कसं. तपासणीचं नाव घेऊ नका, निदान आधी घेऊ नका. "थायरॉइड करा" म्हटलं की समोरचा डॉक्टर आखडते, तेच "सहा महिन्यांपासून वजन वाढते, मे मध्ये थंडी वाजते, पोट साफ नाही" म्हटलं की त्याच्याच डोक्यात थायरॉइड येते आणि सही होते. कधीपासून ते आधी सांगा. जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका, ते "हातपाय दुखतात" म्हणून उठून येतात. आणि नाहीच लिहून दिलं तर भांडायच्या ऐवजी शांतपणे विचारा, सर मग किती दिवसांत फरक नाही पडला तर तपासायचं, आणि ते केसपेपरवर लिहून मागा, हे वाक्य फार कामाचं आहे, पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी कागद बोलते. भिंतीवर तपासण्यांची यादी असते ती वाचा, केंद्राच्या २०२२ च्या निकषांत उपकेंद्राला १४ आणि पीएचसीला ६३ तपासण्या धरल्या आहेत, त्यातल्या सगळ्या तिथल्या टेबलावर होत नाहीत, बऱ्याच सॅम्पल पाठवून होतात. "आमच्याकडे होत नाही" असं कोणी म्हटलं तर "पाठवून पण होत नाही का?" एवढं विचारायचं. तरी अडलं तर १०४ वर फोन लावता येतो, मला गरज पडली नाही.

सिकलसेलबद्दल वेगळं लिहते कारण विदर्भात हे टाळून चालत नाही. ही तपासणी मिळायला आता सोपी आहे, १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात धरली आहे, २०४७ पर्यंत आजार संपवायचं ठरवलं आहे. पहिली सोल्युबिलिटी, म्हणजे थेंबभर रक्ताची, ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस नाही तर एचपीएलसी. लोक पहिल्यावरच थांबतात, ते करू नका, कारण पहिलीतून नुसता वाहक आहे (स्वतःला आजार नाही पण मुलांना जाऊ शकते) की आजार आहे हे कळत नाही. आणि लग्नाच्या आधी करा, नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघायची शक्यता चारात एक असते, पत्रिका पाहायला वेळ असते आपल्याकडे पण सिकलसेल तपासणीचं कार्ड पाहायला नसते. अजून एक, घरात सिकल असेल आणि शुगरची तीन महिन्यांची तपासणी, एचबीएवनसी, लिहून दिली तर डॉक्टरला सिकलचं आवर्जून सांगा, तिचा आकडा त्यात चुकीचा येऊ शकते.

आणि फवारणी. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, विसरलं नसेल कोणी. ऑर्गेनोफॉस्फेट जातीची फवारणीची कीटकनाशकं रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम दाबून टाकतात, ते किती उरलं ते रक्तातून कळते, पण आमच्या पीएचसीत ही तपासणी विचारली तर होत नाही, वर पाठवतात. म्हणून इथं रक्ताच्या चिठ्ठीसाठी थांबूच नका. फवारून आल्यावर घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो सोबत घ्या आणि १०८ बोलवा. यात उपचार लक्षणं पाहूनच सुरू करतात, रिपोर्ट मागाहून आला तरी चालते.

रेटिंग द्यायचं तर लॅबवाल्या दादाला साडेचार, अर्धा कापला कारण उपाशीपोटी यायचं आहे हे आदल्या दिवशी कोणी सांगत नाही, लोक चहा-टोस खाऊन येतात आणि परत जातात. सीएचओ मॅडमला आणि आशाताईला पाच. चिठ्ठीला दीड, आणि तो दीड पण त्या डॉक्टरांनी शेवटी कागद वाचला म्हणून. परत जाईन का, तर जाईनच, दुसरीकडे कुठं जाऊ? सासूबाईंची तिसरी टीएसएच दिवाळीनंतर आहे आणि यावेळी डोस बदलला तेव्हाच केसपेपरवर तारीख लिहून घेतली आहे.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका. गाडीवाला दुपारच्या आधी सॅम्पल घेऊन जाते, म्हणून सकाळी लवकर पोहोचा, आधी केसपेपर मग डॉक्टर मग लॅब, उलटं केलं तर दोनदा रांग. आणि मोबाइल नंबर देताना चालू असलेलाच द्या, आमच्या शेजारच्या काकूंचा रिपोर्ट पुण्याला गेलेल्या पोराच्या जुन्या सिमवर जाऊन पडला होता, त्या बिचाऱ्या अजून आलाच नाही म्हणून लॅबवाल्या दादावर ओरडत होत्या.