कॅननची ४०० एमएम एफ ५.६ लेन्स : उडत्या भिंगरीसाठी अजूनही पहिली पसंती

पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात कॅमेरे घेऊन येणाऱ्यांचे लक्ष बहुधा रोहित आणि पट्टकदंब हंसांकडे असते. हे पक्षी मोठे आणि त्यांची उड्डाणे सरळ रेषेतली असल्यामुळे कोणतीही बरी टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स त्यांना न्याय देते. लेन्सची खरी परीक्षा त्याच काठावर पाण्याला घासून जाणाऱ्या तारवाल्या भिंगरीपुढे आणि बाभळीवरून झेपावणाऱ्या वेड्या राघूपुढे होते. कॅननने १९९३ साली बाजारात आणलेली ४०० एमएम एफ ५.६ ही लेन्स मी क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर याच पक्ष्यांसाठी वापरतो, आणि या एका कामासाठी तिच्या किमतीत तिच्या तोडीची दुसरी लेन्स मला दिसलेली नाही.

तिच्यात स्टॅबिलायझर नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. परंतु स्टॅबिलायझर हाताचा कंप आवरतो, पक्ष्याची गती नव्हे. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारी भिंगरी १/१००० सेकंदात एक सेंटिमीटर पुढे सरकते. कॅमेरा तिच्याबरोबर फिरवून ही गती बरीच भरून काढता येते, मात्र पंखांची फडफड तशी भरून निघत नाही. म्हणून शटर स्पीड १/३२०० सेकंदाच्या आसपास ठेवावाच लागतो, आणि त्या वेगाला हाताच्या कंपाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. कोवळ्या पण स्वच्छ उन्हात एफ ५.६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० पर्यंत पुरतो. ऊन वर येण्याआधी किंवा ढगाळ दिवशी मात्र ही लेन्स कमी पडते, हे मान्य केले पाहिजे.

अवघड काम आहे ते पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडण्याचे. क्रॉप सेन्सरवर पंधरा मीटर अंतरावर या लेन्सची चौकट जेमतेम ८४ सेंटिमीटर रुंद असते आणि स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातले चित्र स्पष्ट येते ती, सुमारे ३० सेंटिमीटर; म्हणजे आडवी जाणारी भिंगरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत चौकटीबाहेर जाते. इथे लेन्सचे १२५० ग्रॅम वजन कामाला येते, कारण ती डोळ्याला लावून तासभर खांद्यातून फिरवत राहिले तरी हात भरून येत नाहीत. ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवण्याचे कडे) काढून ठेवला तर पकड आणखी मोकळी होते.

दुसरा आधार फोकस लिमिटरचा, म्हणजे फोकस किती अंतरापासून शोधायचा ते ठरवणाऱ्या सोयीचा. त्याची कळ ८.५ मीटर ते अनंत या खुणेवर ठेवली की ऑटोफोकस जवळच्या अंतरांत चाचपडत बसत नाही, आणि पक्षी निसटला तरी फोकस चटकन पुन्हा बसतो. वेड्या राघूसाठी तर ही सोय फारच उपयोगाची आहे. तो चतुर किंवा मधमाशी पकडून बहुतेक वेळा त्याच फांदीवर किंवा तारेवर परततो आणि भक्ष्य तिथे आपटून मारतो. त्या फांदीपासून दहा-बारा मीटरवर, ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन उभे राहावे आणि फोकस फांदीच्या किंचित अलीकडे लावून ठेवावा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे तो बऱ्याचदा आपल्याकडे तोंड करून बसतो, आणि उड्डाण घेताना आणि वळताना पंखांचा तांबूस रंग उन्हात पूर्ण उघडतो. चोचीतल्या चतुराच्या पंखांवरच्या शिराही या लेन्सने टिपलेल्या चित्रात मोजता येतात. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, त्यामुळे त्याच्यावर सराव करणे सोपे जाते.

धूळ ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. लेन्सच्या जोडावर धूळ-पाणी अडवणारी रबरी कड नाही, म्हणून काठावरच्या वाळलेल्या काळ्या मातीत उभे असताना लेन्स बदलणे टाळावे. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याची पिसे मऊ दिसतात; त्यावर कोणत्याच लेन्सकडे उपाय नाही, पक्षी जवळ येऊ देणे एवढेच हाती राहते.

बसलेले पक्षी, फुलपाखरे आणि संध्याकाळचा उजेडही ज्यांना हवा आहे, त्यांनी २०१४ ची १०० ते ४०० एमएम झूम पाहावी. तिच्यात स्टॅबिलायझर आहे आणि ती एक मीटरच्या आतले टिपते, तर ही लेन्स साडेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाही. झूम जड आहे आणि तिला जास्त पैसे मोजावे लागतात.

आता ही लेन्स बहुधा वापरलेलीच घ्यावी लागते. घेताना मागून टॉर्च मारून आतल्या काचा पाहाव्यात, विशेषतः ती मुंबई किंवा कोकणातून आली असेल तर, कारण दमट हवेत काचेवर बुरशी धरते. पुढे सरकणारा हूड (काचेवर आडवे ऊन पडू न देणारी नळी) फिरवल्यावर घट्ट बसतो का, आणि जवळून दूर फोकस नेताना मोटर कुठे अडखळते का, हेही दुकानातच तपासावे. मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी असेल तर तिच्यावर ही लेन्स बसवणारा अडॅप्टर सोबत न्यावा आणि दुकानाबाहेरच्या उडत्या पारव्यांवर लेन्स लावून पाहूनच पैसे द्यावेत.