लाजाळू मिटवता मिटवता: क्रिटाच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्पाचा विषय एका ओळीत मिळाला होता: निसर्गातल्या कशावरून तरी एक पात्र तयार करा आणि त्याला हलवा. वर्गात मासे, घुबडं आणि फुलपाखरं भराभर वाटून गेली. मी लाजाळू घेतली. ती मुळातच हलते, म्हणजे आपलं निम्मं काम झाडानंच करून ठेवलंय, असा माझा हिशोब. तो कुठे फसला ते पुढे येईलच.

सगळं काम क्रिटामध्ये केलं, ५.२ आवृत्तीत. सोबत ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट. क्रिटा मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. हे मुळात चित्र रंगवायचं सॉफ्टवेअर. हातानं फ्रेम काढत ॲनिमेशन करायची सोय २०१६ मध्ये ३.० आवृत्तीबरोबर आली. म्हणजे घर चित्रकारासाठी बांधलेलं आणि ॲनिमेशनची खोली मागाहून काढलेली. आठ महिने राहिल्यावर सांगते, खोली चांगली आहे, फक्त दिव्याची बटणं कुठे आहेत ते आधी शोधून ठेवावं लागतं.

चित्र काढण्याबद्दल तक्रारीला जागाच नाही. पहिले दोन महिने मी टाइमलाइन, म्हणजे फ्रेम क्रमानं मांडायची पट्टी, उघडलीही नाही, नुसती पात्राची स्केचेस केली. पेन्सिलचे ब्रश इतके बरे आहेत की कागदावरचा हात फारसा बदलावा लागला नाही. स्क्रीन नसलेल्या टॅबलेटवर लांब रेघ थरथरते, तिथे स्टॅबिलायझर, म्हणजे रेघ आपोआप सावरणारी सोय, लावला. पण तो कायम चालू ठेवू नका. सगळ्या रेघा एकसारख्या गुळगुळीत होतात आणि पात्र प्लॅस्टिकचं दिसायला लागतं.

पात्र म्हणजे एक लहान मुलगी. केसांच्या जागी लाजाळूची संयुक्त पानं, कानामागे गुलाबी गोंड्यासारखं फूल, हातापायांवर बारीक काटे. काटे तिसऱ्या स्केचमध्ये आले. तोपर्यंत ती फारच गोडगोड दिसत होती. नुसती लाजणारी मुलगी कुणीही काढेल. मिटते पण टोचतेही, असं म्हटल्यावर तिचे खांदे, हनुवटी, उभं राहणं सगळंच बदललं.

शॉट साधा होता. ती बसलेली आहे, केसांच्या टोकावर पावसाचा थेंब पडतो, पानं मिटतात, ती दचकते, मग हळूहळू पानं उघडतात. एकूण १२ सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २८८. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी १४४ चित्रं.

पहिला फटका माझ्याच चुकीनं बसला. क्रिटात एखाद्या फ्रेमवर नवी की-फ्रेम (म्हणजे नवं चित्र) नसेल, तर आधीचं चित्रच पुढे ताणलेलं असतं. तिथे काही काढलं की ते त्या आधीच्या चित्रावरच उमटतं. मी रात्री तासभर भुवया आणि डोळे काढत बसले, प्रत्येक वेळी पुढच्या फ्रेमवर सरकून. शेवटी प्ले केलं, तर एकाच चित्रावर सगळ्या भुवयांचं जाळं. टाइमलाइनवर ऑटो फ्रेम मोडचं छोटंसं बटण आहे. ते चालू असेल तर काढायला लागताच नवी फ्रेम आपोआप तयार होते. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी दुसरं काही नाही शिकलं तरी चालेल, हे बटण शोधा.

ओनियन स्किनवर मात्र माझा जीव जडलाय. लेयरसमोरचा (लेयर म्हणजे चित्राचा एकेक थर) दिव्याचा आयकन दाबला की मागची चित्रं लालसर आणि पुढची हिरवट, पुसट दिसतात. किती मागची, किती पुढची, प्रत्येक किती गडद हे वेगवेगळं ठरवता येतं. मी दोन मागची आणि एक पुढची ठेवते. जास्त ठेवली की पानांच्या गर्दीत आपण कुठलं पान काढतोय तेच कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, पानं मिटणं. लाजाळूच्या एका पानाच्या दांड्याला टोकाशी चार पात्या फुटतात आणि प्रत्येक पातीवर बारीक पर्णिकांच्या जोड्या असतात. मी एका पातीच्या मिटण्याची आठ चित्रं काढली, चारही पात्यांना तीच वापरली आणि प्रत्येक पातीची सुरुवात थोडी मागेपुढे सरकवली. दिसायला छान. मॅडमनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "खरं रोप बघितलंयस का?" बघितलं होतं, पण लहानपणी. मग कुंडीत रोप आणलं, फोन स्टँडवर लावला आणि काडीनं एका पातीच्या टोकाला स्पर्श केला.

टोकाला स्पर्श झाला की त्या पातीच्या पर्णिका टोकाकडून देठाकडे जोडीजोडीनं मिटत येतात. तिथे पोहोचल्यावर लाट उलटते. शेजारच्या पात्या देठाकडून टोकाकडे मिटतात. आणि सगळ्यात शेवटी अख्ख्या पानाचा दांडा खाली पडतो. मी चारही पात्या एकाच दिशेनं मिटवल्या होत्या, म्हणूनच ते पंखा बंद केल्यासारखं दिसत होतं. शिवाय पर्णिका नुसत्या मिटत नाहीत, वर उचलल्या जाऊन जराशा पुढे झुकतात. प्रत्येकीच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या एका बाजूच्या पेशींमधलं पाणी झटकन निघून जातं आणि ती बाजू ढिली पडते. पाणी परत भरायला वेळ लागतो, म्हणून मिटायला क्षण आणि उघडायला दहा-पंधरा मिनिटं. हे मला शूटिंग करताना चांगलंच कळलं: एका टेकनंतर मी नि फोन दोघं वाट बघत बसायचो. रिटेक मागितला की झाड सरळ सुट्टीवर.

इथे क्रिटाची बाजू कळते. टाइमलाइनवर एकेका पातीला स्वतंत्र लेयर दिला होता, त्यामुळे दिशा उलटवायची म्हणजे सगळं पुन्हा काढायचं असं झालं नाही. तीन पात्यांची चित्रं घेतली, टोकाची बाजू देठाकडे येईल अशी आरशासारखी उलटवली आणि पर्णिकांचा पुढचा कल तेवढा नव्यानं काढला. डोळ्यांच्या उघडझापीला क्लोन फ्रेम वापरल्या. एकीत पापणी सुधारली की सगळीकडे सुधारते. ही सोय ५.० पासूनची आहे. दांडा खाली पडण्याला ट्रान्सफॉर्म मास्क (मूळ चित्र न बदलता ते फिरवायची, सरकवायची सोय) लावून पाहिला, वेगाच्या आलेखातल्या वक्ररेषांवर वेगही नेमका बसला, पण माझ्या लॅपटॉपला ते पेललं नाही. शेवटी दांडा हातानंच काढला, सात चित्रांत. खरं सांगायचं तर तोच बरा दिसतो.

मेमरीचा विषय नीट समजून घ्या. मी हौसेनं ३८४० बाय २१६० चा कॅनव्हास घेतला होता, तोही १६ बिटचा, म्हणजे रंग जास्त बारकाईनं साठवणारा. एका पूर्ण चित्राला साधारण ६६ एमबी होतात. १४४ वेगळी चित्रं म्हणजे साडेनऊ जीबी, आणि लॅपटॉपची रॅम आठ. प्लेबॅक अडखळणार नाही तर काय होईल? १९२० बाय १०८०, ८ बिट केल्यावर तेच चित्र ८ एमबीच्या आसपास आलं आणि सगळा शॉट सव्वा जीबीत मावला. मोठा कॅनव्हास हवाच असेल तर सेटिंगमध्ये ॲनिमेशनचा कॅशे (प्लेबॅकसाठी तयार करून ठेवलेल्या फ्रेम) डिस्कवर ठेवायचा आणि कॅशेतल्या फ्रेमचा आकार मर्यादित करायचा पर्याय आहे. प्लेबॅक जरा धूसर दिसतो, पण वेग खरा कळतो, आणि तपासायचा तोच असतो.

रेंडर करताना, म्हणजे तयार शॉट बाहेर काढताना, थेट व्हिडिओ काढू नका. आधी पीएनजी चित्रांची मालिका काढा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर झालेली चित्रं हातात राहतात, आणि एखादीच फ्रेम चुकली असेल तर तेवढीच बदलता येते.

कुणी घ्यावं? एक पात्र, छोटे शॉट आणि हातानं काढायची आवड असेल तर डोळे मिटून घ्या. पंधरा शॉटची फिल्म, पात्राला हाडं बसवून हलवणं, असा बेत असेल तर दुसरीकडे बघा, ते याचं कामच नाही.

माझा शॉट जमा झाला. फक्त उघडण्याचा भाग अजून खटकतो, चार सेकंदांत उघडलेली लाजाळू मला खोटी वाटते. सुट्टीत तो पुन्हा काढणार आहे. या वेळी पानं पूर्ण उघडायच्या आधीच शॉट कापायचा विचार आहे.