प्रवासात आयपॅड मिनी वापरून कसा वाटला

प्रवासात लॅपटॉपऐवजी आता आयपॅड मिनीच नेते, २०२४ मध्ये आलेला ए१७ प्रो चिपवाला. हलका टॅब शोधताय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

वायफाय मॉडेलचं वजन २९३ ग्रॅम आणि ११ इंची आयपॅड एअरचं साधारण ४६० ग्रॅम. सॅक पाठीवर असली की हा फरक कुणाला कळणारही नाही. पण ट्रेनमध्ये उभं आहोत, एका हातात दांडी धरलीये, दुसऱ्या हातात टॅब धरून वाचतोय, तेव्हा बरोब्बर कळतो! मोठा टॅब थोड्याच वेळात मनगटाला जड व्हायला लागतो, मग तो टेकवायला जागा शोधा आणि गर्दीत ती मिळत नाही, शेवटी टॅब बॅगेतच राहतो. मिनी साडेतेरा सेंटीमीटर रुंद, आरामात एका पंजात धरता येतो, म्हणून तो सारखा बाहेर निघतो आणि खरंच वापरला जातो. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा.

स्क्रीन ८.३ इंचाची. पुस्तकं, नकाशे, तिकिटं मस्त दिसतात, ए४ पीडीएफ मात्र आडवा धरूनच वाचावा लागतो. कडक उन्हात वाचायचं असेल तर ई-रीडरच बरा.

आता घेण्याआधी नीट बघायची गोष्ट म्हणजे जीपीएस. वायफाय मॉडेलमध्ये जीपीएस नसतोच, तो फक्त सेल्युलरवाल्यात, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरही चालणाऱ्या मॉडेलमध्ये मिळतो. वायफायवाला आजूबाजूच्या नेटवर्कवरून अंदाजे जागा दाखवतो, म्हणजे शहरात चालून जातं पण घाटात किंवा हायवेवर ज्यावेळी नकाशा खरंच लागतो तेव्हा त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. सेल्युलर मॉडेल असेल तर डेटा प्लॅन नसला तरी जीपीएस चालतो, गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवायचा की झालं. फिरायलाच घेत असाल तर माझं स्पष्ट मत, सेल्युलरच घ्या. फक्त या मॉडेलमध्ये सिम ट्रे नाही, ई-सिमच (कार्ड न घालता टॅबमध्येच चालू होणारं सिम) चालतं, त्यामुळे तुमची मोबाइल कंपनी टॅबसाठी ई-सिम देते का ते आधी विचारा.

बॅटरी १९.३ वॉट-अवरची, कंपनी वायफायवर १० तास सांगते. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-अवर, त्यातली काही ऊर्जा चार्जिंगमध्ये वाया जाते तरी एकदा फुल्ल होऊन वर थोडी उरते. आणि चार्जिंग यूएसबी-सी असल्याने फोनही त्याच पोर्टचा असेल तर एकच केबल पुरते. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात टाकायला परवानगी नसते. हेडफोनचा जॅक नाहीये, वायरवाले हेडफोन वापरत असाल तर छोटा ॲडॅप्टर सोबत ठेवा.

फोटो काढणाऱ्यांना तर फार उपयोगी, कार्ड रीडर लावला की कॅमेऱ्याचे फोटो सरळ आत येतात, आणि संध्याकाळी निवांत बसून नको ते उडवता येतात. एक्स्टर्नल एसएसडी (फाइल्स साठवायची छोटी वेगळी ड्राइव्ह) जोडून फाइल्स ॲपमधून बॅकअपही घेता येतो, म्हणून १२८ जीबी मला पुरतात.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र ठेवून जाऊ नका, तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलाय. जास्त तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं आणि मग थंड होईपर्यंत वापरता येत नाही.

टायपिंगचं म्हणाल तर उभा धरून दोन अंगठ्यांनी ईमेल, डायरी, बुकिंगचे फॉर्म झटपट होतात. मोठं लिखाण करायचं तर वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड लागतो, कारण ॲपल मिनीसाठी कीबोर्ड केस बनवत नाही. रोज मुक्कामाला पोचून तासन्‌तास एक्सेल शीट भरायच्या असतील तर लॅपटॉपच न्या, एवढ्या स्क्रीनवर ते काम करून डोळे शिणतात.