सित्रोएन एसएम: नऊ वर्षं चालवल्यानंतर

किल्ली फिरवली की एसएम, म्हणजे फ्रेंच कंपनी सित्रोएनची ही जुनी गाडी, लगेच निघत नाही. रात्रभर खाली बसलेली गाडी आधी हळूहळू वर उठते, मग निघायचं. एवढ्या वर्षांनंतरही त्या वेळात मी रेडिओ लावत नाही, कुणाशी बोलत नाही. ते उठणं अंगाला जाणवतं, आणि ते मला फार आवडतं.

1970 ते 1975 या काळात एकूण 12,920 एसएम बनल्या. माझी 1971ची, 2.7 लिटरच्या मासेराती व्ही-6 इंजिनाची, तीन कार्ब्युरेटरवाली. इंजिन दमदार आहेच, पण माझा जीव जडला तो स्टिअरिंगवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त दोन फेरे! पहिले काही दिवस प्रत्येक वळणावर माझा हात जास्तच फिरायचा. हात सोडला की चाक आपोआप सरळ होतं, अगदी गाडी उभी असतानाही. वेग वाढेल तसं ते जड होत जातं, त्यामुळे 120 वरही हात निवांत असतात. ब्रेकच्या पेडलच्या जागी रबराचं गोल बटण आहे. त्यावर जोर द्यायचा नाही, पाय नुसता टेकवायचा. माझ्या पायाला हे कळायला महिना लागला.

गाडीला पेलणारं आणि वर उचलणारं सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक हे सगळं एकाच दाबाखालच्या हिरव्या तेलावर चालतं. हे तेल खनिज जातीचं. एका गॅरेजमध्ये त्यात साधं ब्रेक ऑइल ओतलं गेलं आणि सिलं (तेल गळू न देणारे रबरी भाग) खराब झाली. सगळ्या नळ्या धुवून सिलं बदलेपर्यंत गाडी चार महिने उभी होती. फार वाईट गेले ते दिवस. तेव्हापासून त्या टाकीचं झाकण मीच उघडते.

घेणार असाल तर रंग, कातडी सीट नंतर बघा. आधी विचारा, टायमिंगच्या प्रायमरी चेनचा (इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या मुख्य साखळीचा) ताण शेवटचा कधी तपासला? कागद दाखवता आला नाही, तर इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच बोलणी करा. मागच्या सीटवर मोठ्या माणसांना लांबचा प्रवास नको.

आणि एकदा तरी रात्री चालवून बघा. काचेमागच्या सहा दिव्यांपैकी आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळतात. वळण यायच्या आधीच त्याच्या पलीकडचं झाड उजळलेलं दिसतं.