वसंतातले ज्वालामुखी आणि स्की-क्रॅम्पॉन: घ्यावेत का, कोणते घ्यावेत, कुठे कमी पडतात

वसंतात अमेरिकेच्या वायव्येकडच्या कॅस्केड पर्वतरांगेतल्या ज्वालामुखींवर पहाटे जो बर्फ भेटतो तो फरशीसारखा असतो. आदल्या दुपारी उन्हानं वरचा थर वितळतो, रात्री आकाश निरभ्र असलं की तोच थर गोठतो, आणि पाच-साडेपाचला बुटाची टाच जोरात आपटली तरी नुसता ओरखडा उमटतो. दहा-अकराच्या सुमारास हाच उतार वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतो, साबुदाण्यासारखे दाणे सुटे होतात, आणि ज्या कॉर्न स्नोसाठी लोक मध्यरात्री उठून निघतात तो मिळतो. उतरताना तो हवा असेल तर चढताना ही फरशी सोसावीच लागते. स्की-क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली स्कीवर बसवायचे दातेरी पत्रे, त्या चार-पाच तासांसाठी आहेत.

परीक्षण करतोय ते डायनाफिट धाटणीच्या, म्हणजे बाइंडिंगच्या (बूट स्कीला जोडणाऱ्या भागाच्या) पुढच्या बाजूच्या खाचेत बाजूनं सरकवून बसवायच्या क्रॅम्पॉनचं. बुटाच्या नाकाला दोन पिनांनी धरणारं बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात बनवलं, पुढे डायनाफिटनं ते बाजारात रुजवलं, आणि आज बऱ्याच कंपन्यांच्या टूरिंग (स्की घालूनच डोंगर चढायच्या) बाइंडिंगला ही खाच असते. वस्तू साधी आहे: अ‍ॅल्युमिनियमचा उलट्या ‘यू’ आकाराचा पत्रा, दोन्ही बाजूंना खाली वळलेले दाते, पुढे एक आडवी दांडी. जोडीचं वजन पाव किलोच्या आत. एवढ्या वजनात एवढा उपयोग देणारं दुसरं काही टूरिंगच्या सामानात नाही, हे आमचं ठाम मत आहे.

काम कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. दांडी खाचेत फिरते. टाच उचलली की क्रॅम्पॉन बर्फातून सुटतो आणि स्की पुढे सरकते. पाऊल टेकलं की बुटाचा तळ पत्र्याला खाली दाबतो आणि दाते रुततात. जवळून पाहिलं तर प्रत्येक पावलाला दोन्ही कडांच्या बाहेर चार-पाच बारीक चिरा पडलेल्या दिसतात, आणि दात्यांच्या टोकाला गोठलेल्या थराचा पांढरा भुगा चिकटलेला असतो. त्या चिरा दोन्ही बाजूंना सारख्या खोल दिसल्या तर सगळं बरोबर चाललंय. एकाच बाजूला दिसल्या तर स्की कलली आहे.

हील रायझर, म्हणजे चढावर टाचेखाली उभा करायचा आधार, वर केला की हे गणित बिघडतं. बुटाची टाच उंच राहते, तळ पत्र्यापर्यंत पूर्ण पोचत नाही आणि दाते अर्धेच रुततात. सर्वांत उंच पायरीवर तर काही जोड्यांचे दाते बर्फाला जेमतेम शिवतात. उतार चढा झाला की हात आपोआप रायझरकडे जातो, आणि पकड नेमकी तेव्हाच सुटते. कडक बर्फावर रायझर सपाट किंवा पहिल्या पायरीवर ठेवा आणि वाट जास्त आडवी काढा, म्हणजे चढ कमी होईल. पिंडऱ्या दुखतील, पण पाय घसरणार नाही. बूट आणि पत्रा यांच्यामधली फट भरणारा छोटा ठोकळा काही उत्पादक विकतात. रायझरशिवाय चढणं जमतच नसेल तर तो घ्यावा.

रुंदी निवडताना स्कीवर छापलेला कमरेचा, म्हणजे स्कीच्या मधल्या अरुंद भागाच्या रुंदीचा, आकडा पाहून थांबू नका. क्रॅम्पॉन जिथे टेकतो, म्हणजे पायाच्या चवड्याखाली, तिथे मोजपट्टी लावा. ९५ मिमी भरली तर १०० मिमीचा क्रॅम्पॉन. ९९ भरली तर १०० कागदावर बसतो, पण कडेला बर्फ साचला की अडकतो, तेव्हा पुढचा आकार घ्यावा. उलट ९० मिमीच्या स्कीवर ‘पुढेमागे रुंद स्की घेतली तर’ म्हणून ११० मिमी घेणंही चूक: दाते कडेपासून लांब पडतात, आडव्या उतारावर पत्र्यावर पीळ येतो आणि तो वाकतो. घरी स्की टेबलावर ठेवून, स्किन (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची पट्टी) लावून, बूट अडकवून पूर्ण जोडणी एकदा करून पाहा. दाते स्किनच्या किनारीला घासत असतील तर दिवसभरात स्किन उसवेल.

खाच प्रत्येक बाइंडिंगला असतेच असं समजू नका. शर्यतीसाठीच्या अतिहलक्या बाइंडिंगला बरेचदा ती नसते, वेगळी पट्टी स्क्रूनं बसवावी लागते. काही कंपन्यांची खाच त्यांच्याच क्रॅम्पॉनला बसते. दोघांच्या बाइंडिंगवर नाव एकच असलं तरी मॉडेल वेगळं असेल तर क्रॅम्पॉनची अदलाबदल होईलच असं नाही, म्हणून मित्रांकडून ऐनवेळी मागून घेण्याचा बेत ठेवू नये.

या धाटणीचा सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे खाचेत गोठणारा बर्फ. रस्त्यापासून तासभर ओल्या बर्फावरून चालत आलात, मग सावलीत थांबलात, की खाचेत बोटाच्या पेराएवढा बर्फ दाबून बसतो आणि गोठतो. दांडी आत जात नाही. लोक क्रॅम्पॉननंच ठोकायला लागतात आणि दांडी वाकवून ठेवतात. काठीच्या टोकानं किंवा छोट्या स्क्रूड्रायव्हरनं खाच कोरून साफ करावी, दांडी पुसावी, मग सरकवावी. दुसरा दोष: काही जोड्यांत दांडी बाजूनं निसटू नये म्हणून अडकवण असते, काहींत नसते. किक टर्न (चढावर एकेक स्की उचलून दिशा बदलणं) घेताना क्रॅम्पॉन सुटून उताराला लागला की गेला, फरशीवरून तो थेट खाली जाईपर्यंत थांबत नाही. दोन मिलिमीटरची दोरी पत्र्याच्या भोकातून ओवून बाइंडिंगला बांधा. दोन मिनिटांचं काम आहे.

लावायची वेळ हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. ‘अजून स्किन धरतायत, लागले की लावू’ असं म्हणत गेलं की जिथे लागतात तिथे उतार तीस अंशांचा असतो, एक स्की काढायला जागा नसते, आणि मागे सहा जण थांबलेले असतात. उतार चढा होण्याआधीच्या शेवटच्या सपाट जागी सगळ्यांनी एकदमच लावावेत. तिथपर्यंत ते पिशवीच्या तळाशी ठेवू नका, बाहेरच्या खिशात किंवा कमरेच्या हार्नेसला असावेत. सपाट टप्प्यावर ते लावून चालणं जड वाटतं, दाते कुरकुर करतात, वेग थोडा पडतो. चालेल.

आडव्या वाटेवर सवयीनं लोक स्कीची वरची कड बर्फात दाबतात. क्रॅम्पॉन लावल्यावर तसं करायचं नाही. कड दाबली की खालच्या बाजूचे दाते हवेत राहतात आणि स्किनही बर्फापासून सुटते, म्हणजे दोन्ही आधार एकदम जातात. घोटा उताराच्या बाजूला ढिला सोडून स्कीचा तळ बर्फाला पूर्ण टेकवायचा. पहिल्यांदा हे भीतीदायक वाटतं, पण चार पावलांत विश्वास बसतो. किक टर्नमध्ये वरची स्की फिरवताना टाच उचलली जाते आणि क्रॅम्पॉन खाली लोंबतो, तो बर्फात अडकतो. म्हणून स्की नेहमीपेक्षा थोडी उंच उचलून फिरवावी, आणि आधी खालच्या पायाचे दाते नीट रुतलेत ना हे दाबून पाहावं.

आता डोंगर. सेंट हेलेन्सचा हिवाळी मार्ग, वर्म फ्लोज, मार्बल माउंटनच्या वाहनतळापासून सुमारे १,७४० मीटर चढतो. शिखराची कड २,५४९ मीटरवर आहे, १८ मे १९८०च्या उद्रेकात डोंगराचा माथा उडाल्यानंतर उरलेली. झाडी संपली की वर एकसारखा, मोकळा, दक्षिणेकडे तोंड केलेला उतार लागतो. स्की-क्रॅम्पॉनसाठी इतकी योग्य जागा क्वचित मिळते: उतार फार चढा नाही, पण लांब आहे, आणि मध्ये पडलेल्याला अडवायला काही नाही. वाऱ्यानं उघड्या पडलेल्या राखेच्या आणि लाव्हाच्या पट्ट्या मात्र मधेमधे येतात. तिथे स्की काढा. अ‍ॅल्युमिनियमचे दाते ज्वालामुखीच्या खरखरीत दगडावर दहा पावलांत बोथट होतात. विवराच्या कडेला बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात आणि वरून ते घट्ट जमिनीसारखे दिसतात. २०१०मध्ये असा छज्जा तुटून एका चढणाऱ्याचा जीव गेला. कडेपासून बरंच मागे थांबा, इतरांची पावलं पुढे गेलेली दिसली तरी. आणि ४,८०० फुटांच्या वर जायला परवाना लागतो, तो वसंतातल्या सुट्टीच्या दिवसांसाठी लवकर संपतो.

अ‍ॅडम्स ३,७४३ मीटर. दक्षिणेकडच्या मार्गावर सुमारे २,८०० मीटरवरच्या लंच काउंटर या सपाट टप्प्यापर्यंत स्की-क्रॅम्पॉन उत्तम. तिथून पायकर्स पीकपर्यंतचा साधारण साडेसातशे मीटरचा उतार सलग चढतो, आणि पहाटे कडक असेल तर तिथे आमचा सल्ला साधा आहे: स्की पाठीवर, बुटांना क्रॅम्पॉन, हातात बर्फात रोवायची आइस अ‍ॅक्स. या उतारावर स्की-क्रॅम्पॉननं चढता येतच नाही असं नाही, पण घसरलात तर पायात स्की असताना स्वतःला थांबवणं फार अवघड. पायकर्स पीक हे शिखर नव्हे, पुढे अजून चढ आहे, त्यामुळे वेळेचा हिशोब खऱ्या शिखराचा धरा.

माउंट हूडवर (३,४२९ मीटर) टिंबरलाइनच्या वाहनतळापासून पामर या स्की-लिफ्टच्या माथ्यापर्यंत नुसत्या स्किनवरही बऱ्याचदा भागतं. त्यावर डेव्हिल्स किचनच्या आसपास वायू बाहेर पडणारी भोकं आहेत, त्यांच्या भोवतीचा बर्फ आतून पोकळ असतो. हॉग्सबॅक या बर्फाच्या कण्यापासून वर स्की-क्रॅम्पॉनचा विषय संपतो. तिथे बुटांचे क्रॅम्पॉन आणि अ‍ॅक्स याला पर्याय नाही. दोन्ही क्रॅम्पॉन एकमेकांची जागा घेत नाहीत, आणि या डोंगरांवर फक्त एक जोडी परवडणार असेल तर आधी बुटांची घ्या.

ज्या रात्री ढग राहतात आणि थर गोठतच नाही, त्या दिवशी स्की-क्रॅम्पॉन निरुपयोगी असतात आणि त्याहून मोठा प्रश्न समोर असतो. पहाटेच बूट घोट्यापर्यंत बुडत असेल, उतारावरून बर्फाची चाकं गुंडाळत खाली येत असतील, तर ओल्या हिमस्खलनाची शक्यता आहे. सामान बदलून हे सुटत नाही, परतायचं. गोठलेल्या दिवशीही वेळ पाळा: वरचा थर मऊ होऊन स्की तीन-चार सेंटिमीटर रुतायला लागली की उतरायची वेळ झाली, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. शंकूच्या आकाराच्या डोंगराची सोय अशी की ऊन आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला पोचतं. उशीर झाला असेल आणि पश्चिमेची बाजू ओळखीची असेल तर तिथला बर्फ अजून चांगला असतो.

गटात जाताना एकाकडे नसतील तर सगळा गट त्याच्या पकडीनं चालतो. दोघांत एक जोडी वाटून, एकेका पायाला एक असं करणारे दिसतात. आडव्या वाटेवर एकदा तरी मोकळा पाय खालच्या बाजूला येतोच, आणि तो सुटतो. निघण्याआधी वाहनतळावर दिव्याच्या उजेडात प्रत्येकानं दोन्ही क्रॅम्पॉन एकदा सरकवून दाखवावेत. चुकीची रुंदी, वाकलेली दांडी, खाच नसलेलं बाइंडिंग, सगळं तिथेच कळतं, आणि त्या जागी बेत बदलणं सोपं असतं. गटासाठी दोन वोले पट्टे (ताणून आवळायचे लवचिक पट्टे) आणि हातभर दोरी ठेवा: दांडी मोडली तर पट्ट्यानं क्रॅम्पॉन स्कीला घट्ट आवळून बांधता येतो. मग तो फिरत नाही, प्रत्येक पावलाला स्की उचलून ठेवावी लागते, वेग निम्मा होतो, पण खाली येण्याइतकी सोय होते.

देखभाल कमी आहे. घरी आल्यावर धुवून पुसून वाळवा, खाचेतली राख टूथब्रशनं काढा. दाते बोथट झाले तर हातातल्या बारीक कानशीनं फक्त कडेनं घासा, चपट्या बाजूनं नको, कारण तिथे पत्रा पातळ झाला की दाता मुळाशी वाकतो. ग्राइंडर लावू नका, उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियम नरम पडतं. पत्र्याला वाकलेल्या जागी केसासारखी चीर दिसली की ती जोडी बाद करा, सरळ करून वापरू नका.