रेझिन टिचबटणांचा पकडीसह संच: कॉलर हवी तेव्हा बदला, पण बकरम विसरू नका

एकाच शर्टाला आज एक कॉलर, उद्या दुसरी. बाह्या काढल्या की त्याच शर्टाचं बिनबाह्यांचं जाकीट. कमरेला हवा तेव्हा लावायचा खिसा. असे कपडे घरी करताना खरी अडचण शिवणाची नसते, जोडाची असते. वेल्क्रोत दोरे आणि केस अडकतात, शिवाय तो शेजारच्या कापडावर बारीक गोळे उठवतो. चेन गळ्याच्या वळणावर ताठ उभी राहते. काज करायला वेळ आणि सफाई दोन्ही लागतं. रेझिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या टिचबटणांचा संच ही अडचण चांगली सोडवतो. फक्त संचासोबत येणाऱ्या कागदावर जे लिहिलेलं नसतं, तेच इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सुट्या कॉलरची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात 1827 च्या सुमारास हॅना मॉन्टेग्यू यांनी नवऱ्याच्या शर्टाची फक्त कॉलरच मळते म्हणून ती कापून वेगळी धुतली, असं सांगितलं जातं. पुढे ते शहर कॉलरच्या धंद्यासाठी प्रसिद्ध झालं. धातूच्या टिचबटणाचं पेटंट जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी 1885 मध्ये घेतलं. हा संच घेऊन आपण त्या दोन्ही गोष्टी एकत्र आणतो.

संचात एक पक्कड, तीन मापांचे साचे, टोचा, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि रंगीत बटणांचा डबा असतो. बटणाची एक जोडी चार तुकड्यांची: मागे दांडी असलेल्या दोन टोप्या, एक नर (उंचवट्याचा तुकडा), एक मादी (तो ज्यात बसतो तो खोलगट तुकडा). डबा घेताना हे लक्षात ठेवा, कारण ‘400 नग’ लिहिलेलं असलं तर त्यातून 100 जोड्याच होतात. मापं तीन. टी-3 ची टोपी 10.7 मि.मी., टी-5 ची 12.4 आणि टी-8 ची 14. तिन्ही मापं एकमेकांत लागत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक माप ठरवा आणि घरातल्या सगळ्या कपड्यांना तेच वापरा, तरच एका शर्टाची कॉलर दुसऱ्याला लागेल. रोजच्या सुती आणि मिश्र कापडाला टी-5 पुरतं. टी-8 दाबायला हाताला बराच जोर लागतो.

पक्कड या संचातली सगळ्यात चांगली वस्तू आहे, टोचा सगळ्यात वाईट. टोच्याचं टोक बोथट निघालं तर ते धागे बाजूला सारत नाही, तोडतं, आणि भोक धुण्यागणिक मोठं होत जातं. चांभार वापरतात तशी बारीक, गुळगुळीत आरी घ्या. भोक कात्रीने कधीच पाडू नका. दांडी जेमतेम आत जाईल एवढंच भोक हवं. टोपी थोडी ढकलून बसवावी लागली तर ते बरोबर पडलं आहे.

बटण बसवताना टोपीची दांडी कापडातून वर काढायची, तिच्यावर नर किंवा मादी ठेवायची, टोपी खालच्या साच्याच्या वाटीत नीट टेकवायची आणि मग दाबायचं. दाबण्याआधी एकदा बाजूने बघा. तुकड्याच्या मधल्या भोकातून दांडीचं टोक स्पष्ट वर आलेलं दिसायला हवं. दिसत नसेल तर कापड त्या दांडीसाठी जाड आहे. जोर वाढवून उपयोग नाही, लांब दांडीच्या टोप्या वेगळ्या मिळतात त्या घ्या. जीन्सची खालची दुमड तीन पदरी असते, तिथे साधी दांडी हमखास अपुरी पडते. एकदा दाबल्यावर कापड पाव वळसा फिरवून पुन्हा दाबा. दांडीचं टोक सपाट आणि मधोमध चेपलेलं हवं. ते एका बाजूला कललं असेल तर बटण पहिल्या काही वापरात टिकल्यासारखं वाटतं आणि मग ऐन वेळी निसटतं. कलण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, टोपी वाटीत तिरकी बसलेली असते.

आता बकरम, म्हणजे कापडाला ताठपणा द्यायला पदरांमध्ये घालतात ते कडक कापड. टिचबटण उघडताना ताण बटणावर येत नाही, भोकाभोवतीच्या कापडावर येतो. पातळ सुती किंवा विणीच्या कापडाला एकेरी पदरावर बटण लावलं की काही उघडझापीत टोपीच भोकातून बाहेर येते. दोन पदर आणि मध्ये इस्त्रीने चिकटणारं बकरम, एवढं किमान हवंच. बकरमाचा सलग तुकडा नको असेल तर प्रत्येक बटणाखाली 2.5 सें.मी. चा गोल पुरतो. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला भोक पाडण्यापेक्षा सुती पट्टीवर आधी बटणं बसवा आणि ती पट्टी हातशिलाईने आतून लावा. धातूच्या दातेरी कडीची बटणं विणीच्या कापडाला अधिक चांगली, कारण त्यांना मोठं भोक लागत नाही. पण निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर ती अंगाला लागता कामा नयेत.

कॉलरचं काम उभ्या पट्टीच्या शर्टावर सगळ्यात सुरेख होतं. तिथे दोन पदर आणि बकरम आधीपासूनच असतं. मादी शर्टाच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूला लावा, टोप्या आत. गुळगुळीत टोपी मानेला टोचत नाही, आणि कॉलर नसताना पट्टीवर फक्त चपटी वर्तुळं दिसतात. नर सुट्या कॉलरवर लावा. तो उंच असल्याने शर्टावर असता तर ओढणी आणि केस त्यात अडकले असते. जुन्या शर्टाची कॉलर तिच्या बैठकीसकट उसवून घ्या, खालची कडा आत दुमडून शिवा. गळा 40 सें.मी. च्या आसपास असेल तर पाच बटणं पुरतात: एक मागे मधोमध, मग दोन्ही बाजूंना 8 आणि 16 सें.मी. वर. पुढची टोकं शर्टाच्या नेहमीच्या बटणाखाली येतात. कॉलरवरच्या टोप्या तिच्या दुमडीखाली झाकल्या जातात, त्यामुळे बाहेरून जोड दिसतच नाही.

दोन्ही बाजूंचं अंतर मोजपट्टीने जुळवू नका. वळणावर मिलिमीटरचा फरकही कापडाला चुणी पाडतो. आधी सगळे नर बसवा, त्यांच्या डोक्यांवर टेलरचा खडू घासा, कॉलर शर्टावर हवी तशी धरून प्रत्येक ठिकाणी अंगठ्याने दाबा. पट्टीवर पांढरे ठिपके उमटतात, भोकं तिथेच पाडायची. अर्थात कडेचंही भान हवं. टी-5 बटणाचा मध्य कडेपासून किमान 1 सें.मी. आत ठेवा, म्हणजे टोपीच्या बाहेर जवळपास 4 मि.मी. कापड उरतं. त्याहून कमी ठेवलं तर कड वळते आणि साचा शिवणीवर चढतो.

खिशाच्या बाबतीत या बटणांची मर्यादा समजून घ्यायला हवी. दोन पदर एकमेकांवरून सरकवायचा ताण ती चांगला सोसतात, पण कडेकडून सोलल्यासारखं ओढलं तर चटकन उघडतात. त्यासाठीच ती बनवलेली असतात. म्हणून 15 बाय 18 सें.मी. च्या सुट्या खिशाला वरच्या कडेला चार बटणं लावून तो कमरेच्या पट्टीवर सपाट लटकू द्या. फोन आणि किल्ल्या आरामात राहतात, पाण्याची बाटली राहणार नाही. सुट्या बाह्यांना 6 सें.मी. अंतर ठेवलं तरी बटणांच्या मधल्या फटी हात वर करताना दिसतात. फटी लपवायच्या असतील तर एक पदर दुसऱ्यावर 2.5 सें.मी. चढेल असा ठेवा. दाखवायच्या असतील तर आत उठावदार रंगाची पट्टी द्या, मला दुसरा मार्ग जास्त आवडतो.

पकडीची खरी उणीव तिच्या जबड्याची खोली. बटण कडेपासून दूर, कापडाच्या मधोमध लावायचं असेल तर ती पोचत नाही. पाठीवर नक्षी म्हणून बटणांची ओळ हवी असेल किंवा मनगटात जोर कमी असेल, तर टेबलावर बसवायचा प्रेस घ्यावा. दाबही सरळ रेषेत येतो.

चुकलेलं बटण काढता येतं. चेपलेल्या दांडीचं डोकं नेलकटरने कडेकडून कुरतडा, वरचा तुकडा सुटतो आणि टोपी मागून ओढून निघते. भोक ताणलं नसेल तर त्याच जागी दुसरं बसवा, ताणलं असेल तर आधी आतून बकरमाचा गोल चिकटवा. कापलेले तुकडे आणि सुटी बटणं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, ती सहज गिळली जातात.

मशीनमध्ये धुवायला ही बटणं निर्धास्त, गंजतही नाहीत. इस्त्री मात्र सांभाळून. बटणं पॉलिअ‍ॅसिटल नावाच्या प्लास्टिकची असतात, ते 165 ते 175 अंशांना वितळतं, आणि सुतीच्या खुणेवर इस्त्री 200 अंशांच्या आसपास तापते. कॉलर काढून वेगळी इस्त्री करा, बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक फिरवा आणि टोपीवर ती टेकवू नका.