मासिक शुल्काची कायदेशीर सेवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

साकीनाक्याला आमचा पुठ्ठ्याची खोकी आणि छापील वेष्टने तयार करण्याचा लहान कारखाना आहे. गाळा भाड्याचा, कामगार सात, आणि हिशेब, वसुली व पत्रव्यवहार माझ्याकडे. छोट्या व्यावसायिकांना दरमहा ठरावीक शुल्कात वकिलाचा सल्ला देणारी एक सेवा आम्ही जुलै २०२४ मध्ये घेतली. महिन्याला साडेतीन हजार रुपयांत फोनवरचा सल्ला, करारांची तपासणी आणि दोन नोटिसा मिळतात. न्यायालयातील कामाचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

सेवा घ्यावीशी वाटली ती एका नुकसानीमुळे. त्याआधी एका ग्राहकाचा एक लाख चाळीस हजारांचा चेक परत आला होता आणि ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’ या त्यांच्या शब्दावर विसंबून मी बँकेचा मेमो टेबलाच्या खणात ठेवून दिला होता. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरण्यासाठी १५ दिवस असतात, आणि तेही उलटले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. हे मला समजले तेव्हा ३० दिवस केव्हाच सरले होते आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही संपल्याने तो पुन्हा बँकेत भरण्याची सोय उरली नव्हती.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका ग्राहकाचा चेक परत आला, तेव्हा आमच्या वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, “मेमो तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडला?” त्यांनी फोनवर सांगितलेल्या तारखा मी भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनाने मांडल्या. नवव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, पोचपावतीचे कार्ड सहीसह परत आले, आणि नोटीस पोचल्यापासून बाराव्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. जुन्या एक लाख चाळीस हजारांसाठी त्यांनी त्या ग्राहकाकडून बाकी मान्य असल्याचे सहीचे पत्र घ्यायला लावले. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी अशी लेखी कबुली मिळाली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. ते गृहस्थ आता दरमहा दहा हजार देत आहेत.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मात्र उशिरा येणाऱ्या बिलांच्या बाबतीत. आमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२१ पासून आहे, पण तिचा क्रमांक बिलावर छापावा हे कोणी सुचवले नव्हते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी कराराने मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, तसा करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचाच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. म्हणून वकीलबाईंनी आमची डिलिव्हरी चलने मागवली. तेरा चलनांपैकी नावासह सही, तारीख आणि शिक्का असे तिन्ही फक्त चारांवर होते. उरलेल्यांवर टेम्पोवाल्याने गेटवर कोणाकडून तरी करून आणलेली एक रेघोटी. आता चलनावर या तिन्हींसाठी चौकट छापलेली आहे आणि ती भरल्याशिवाय टेम्पो परत येत नाही.

आमचा सर्वांत मोठा ग्राहक शंभर-सव्वाशे दिवसांनी पैसे देत असे. त्याला पाठवलेल्या पत्रात दोन गोष्टी सौम्य भाषेत नमूद केल्या होत्या: १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे न दिल्यास घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह उलटवावे लागते, आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून त्या वेळच्या प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४३ बी (एच) प्रमाणे मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. मार्चमध्ये त्यांच्या हिशेबनिसांनी स्वतः फोन करून थकबाकीची यादी मागवली. संबंध न दुखावता हे झाले, याचे मला फार समाधान आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. गाळ्याच्या लीव्ह अँड लायसन्स कराराचे नूतनीकरण आले तेव्हा सेवेकडून आलेला मसुदा राहत्या घराचा होता आणि त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २४ (मुदत संपल्यावर जागेचा ताबा परत घेण्याबाबतचे) घातलेले होते, जे केवळ निवासासाठी दिलेल्या जागेला लागू आहे. गाळ्याच्या ताब्याचा असा वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात जातो. मी वाचले म्हणून ते ध्यानात आले. मसुदा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, पण न वाचता सही करणाऱ्या व्यावसायिकाचे काय झाले असते, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. पाचव्या महिन्यात पूर्वसूचना न देता वकील बदलले आणि सगळी प्रकरणे पहिल्यापासून समजावण्यात माझे दोन आठवडे गेले. मी आग्रह धरल्यावर पहिल्या वकीलबाई परत मिळाल्या. शिवाय सगळे मसुदे इंग्रजीत येतात. आमच्या फोरमनसमोर त्याच्याच नेमणुकीचे पत्र मला तोंडी मराठी करून वाचावे लागले, हे बरोबर नाही.

जीएसटीच्या एका साध्या नोटिशीबाबत मात्र त्यांनी आमच्या सीएंकडे जायला सांगितले, आणि तो सल्ला प्रामाणिक होता.

एप्रिलपासून आम्ही सेवा आणखी एक वर्ष घेतली आहे. वकील बदलायचे असल्यास महिनाभर आधी कळवावे आणि कामगारांना द्यायची पत्रे मराठीत मिळावीत, या दोन अटी पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर मान्य करून घेतल्या आहेत.